एका डोळ्याची लेन्स

मला चष्मा लागला तेव्हा गल्लीतल्या बायका हळहळल्या, पण आमच्या घरात कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. उलट आप्पा, म्हणजे माझे वडील, मनातून खूशच झाले असावेत, असं मला आता वाटतं. आम्ही मूळचे हुपरीचे. चुलत्यांशी वाटणी झाल्यावर आप्पा कोल्हापुरात शुक्रवार पेठेत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिले, पण धंदा तोच ठेवला, चांदीचे पैंजण करायचा. पैंजणाची साखळी म्हणजे शेकडो बारीक कड्या एकीत एक अडकवायच्या, त्यांची तोंडं जुळवायची आणि मग झाळून पक्क्या करायच्या. झाळायचं काम आप्पांचं, कड्या जोडायचं बायकांचं. ज्याला लांबचं दिसत नाही त्याला डोळ्याशी धरलेली वस्तू मात्र फार मोठी आणि स्वच्छ दिसते, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. मी चष्मा कपाळावर सरकवायची, कडी नाकाच्या शेंड्यापर्यंत आणायची आणि चिमट्यानं तिचं तोंड असं मिटवायची की फट शोधूनही सापडू नये. माझ्या डाव्या डोळ्याचा नंबर उजव्यापेक्षा बराच जास्त होता, त्यामुळे बारकातलं बारीक काम डाव्या डोळ्याकडे असे. गुजरीतले, म्हणजे सराफ बाजारातले, व्यापारी नाजूक कामाची ऑर्डर देताना आप्पांना आधी विचारायचे, पोरगी घरात आहे ना, की लग्न ठरलं तिचं?

पुढची खोली पैंजणांची आणि मागची आमची, असं अव्वा म्हणायची. अव्वा म्हणजे माझी आई. ती निपाणीकडची, त्यामुळे चिडली की कानडीत जायची आणि आप्पा कोल्हापुरीत उत्तर द्यायचे, आणि दोघांचं भांडण त्यातच विरून जायचं. सकाळी विभूती लावून आप्पा शेगडीपुढे बसले की फुंकणीचा लांब श्वास सुरू व्हायचा. झाळायला लागणारा टाकणखार तापून फुगल्याची चरचर, परातीत घुंगरं ओतल्याचा आवाज, मागच्या खोलीत भाकरी थापल्याचा आवाज, आणि या सगळ्यावर रेडिओ. आमच्याकडे केर कधी बाहेर टाकला जात नसे. त्यात चांदीचा कीस असायचा, म्हणून तो एका डब्यात साठवायचा आणि वर्षातून एकदा गाळायला द्यायचा. दुपारी भाकरी, दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी आणि कांदा, सणासुदीला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. हुग्गीचे गहू शिजायला लागले की पुढच्या खोलीतला चांदी उजळायच्या ॲसिडचा वास तासाभरासाठी हरायचा. गेल्या वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता मला खिडकीतून कळंब्याच्या तळ्यावरचे बगळे मोजता येतात, पण घरातला कुठला आवाज कुठून येतो ते मात्र नातीला विचारावं लागतं. तेव्हा उलटं होतं.

कॉलेजात मी खो-खोत शिरले. पळायला मी चपळ होते, पण चष्म्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. दोन्ही दांड्यांना इलॅस्टिक बांधून डोक्यामागं गाठ मारायची, तरी खांबाला वळसा घालताना तो नाकावरून घसरायचा. एकदा सरावात समोरच्या मुलीचा कोपर लागला, काच फुटली आणि भुवईवर दोन टाके पडले. खेळाच्या बाईंनी त्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं की स्पर्धेत चष्मा घालून तुला उतरवणार नाही, आणि चष्म्याशिवाय तुला समोरची मुलगी कोणत्या खांद्यानं वळतेय ते दिसत नाही, तेव्हा एक तर डोळ्यांत लेन्स घाल, नाही तर बाहेर बसून टाळ्या वाजव. लेन्स ही गोष्ट मी तोवर फक्त ऐकली होती. आमच्या वर्गात एका डॉक्टरांच्या मुलीला होती. ती बोटाच्या टोकावर घेऊन दाखवायची आणि आम्ही चारजणी श्वास रोखून बघायचो.

घरी मी सांगितलं तेव्हा अव्वाला वाटलं की डोळ्यात काच घालायची म्हणजे चष्म्याची काच फोडून घालायची. तिला समजवायला अख्खी संध्याकाळ गेली. आप्पांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन महाद्वार रोडवरच्या चष्म्याच्या दुकानात गेले. दुकान सदूभाऊंचं. माणूस बोलायला फटकळ, पण हात हलका. डोळे तपासणारे डॉक्टर आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे बसायचे. नंबर काढून झाले, सदूभाऊंनी जोडीची किंमत सांगितली आणि आप्पा थोडा वेळ पंख्याकडे बघत बसले. मग त्यांनी जे विचारलं त्यानं मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

"एका डोळ्याची किती?"

सदूभाऊ म्हणाले, "पावणं, पैंजणाचा एकच पाय इकता व्हय तुमी?"

"गिऱ्हाइकाला एकच पाय आसला तर इकतो की."

दुकानातले सगळे हसले, सदूभाऊसुद्धा. पण मग ते विचारात पडले. उजव्या डोळ्याच्या नंबराची लेन्स त्यांच्याकडे तयार होती, डाव्याची पुण्याहून मागवावी लागणार होती. डॉक्टर आत बसलेच होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले की चार-आठ दिवस डोकं दुखेल, जिना उतरताना चुकल्यासारखं होईल, पण वय लहान आहे, मेंदू शिकेल. मात्र कायम असं ठेवू नका. अशा रीतीनं मी एका डोळ्याची लेन्स घेऊन घरी आले. सोबत पाण्याची एक बाटली आणि दोन कप्प्यांची एक चिमुकली डबी. सदूभाऊंनी दम दिला होता की दिवसातून एकदाच घालायची आणि एकदाच काढायची. तुमच्या घरात ॲसिड, काजळी, चांदीचा कीस, तेव्हा जितक्या वेळा हात लावशील तितकी लवकर ती फाटेल आणि डोळाही जाईल. नळाचं पाणी लावायचं नाही आणि बाटलीतलं पाणी वाचवायचं नाही. अव्वानं ती बाटली देवांच्या फळीवर ठेवली, कारण घरात तेवढी एकच जागा स्वच्छ होती.

पहिल्या दिवशी ती लेन्स घालायला मला पाऊण तास लागला. डोळा लाल झाला, अव्वा कानडीत देवाला काहीतरी म्हणत होती, आप्पा फुंकणी खाली ठेवून दारात उभे होते. आणि मग ती एकदम बसली. मी गल्लीत आले तर समोरच्या पत्र्यावर एक मांजर झोपलेलं होतं आणि मला त्याच्या मिशा दिसल्या, नाकावर कसलंही ओझं नसताना. मी रडले की डोळ्यातून पाणीच येत होतं, ते मला अजून नक्की सांगता येत नाही. माझी नात हल्ली रोज नवी लेन्स घालते आणि संध्याकाळी कचऱ्यात टाकते. फोनवरून मागवलेलं खोकं दारात येतं. मी तिला काही बोलत नाही, पण ती लेन्स टाकते तेव्हा माझी नजर डब्याच्या तळापर्यंत जाते.

आठवडाभर डोकं दुखलं आणि मग खरंच मेंदू शिकला. लांबचं बघायला उजवा डोळा पुढं यायचा, जवळचं बघायला डावा. सकाळी लेन्स घालून मी सरावाला जायची, घरी येऊन ती न काढताच कामाला बसायची आणि डाव्या डोळ्यानं कड्या जोडायची, संध्याकाळी पुन्हा मैदानावर. घरचं काम अडलं नाही, खेळ अडला नाही. आप्पा गुजरीत सांगायचे की आमच्या कस्तुरीचा एक डोळा मैदानाला आणि एक डोळा घराला. व्यापारी हसायचे. मीही सुरुवातीला हसायची.

पण एका डोळ्यानं पळताना डाव्या बाजूचं अंतर कळत नाही. मी बाद व्हायची ती नेहमी डावीकडून, आणि हे आमच्याविरुद्ध खेळणाऱ्या दुसऱ्या कॉलेजच्या मुलींनीही हेरलं होतं. बाई म्हणाल्या, विभागीय सामन्याआधी दुसरी घे. मी आप्पांना सांगितलं, ते म्हणाले दिवाळीनंतर बघू. दिवाळी झाली. मग म्हणाले संक्रांतीचं काम हातावेगळं होऊ दे. संक्रांत झाली. मग चांदीचा भाव चढला, मग व्यापाऱ्यानं मजुरी लांबवली. कारण दर वेळी खरंच असायचं, त्यामुळे मला भांडताही येत नव्हतं. डबीतला डावा कप्पा रिकामाच होता. शेवटी एका दुपारी, जेवणं झाल्यावर, मी हातातला चिमटा खाली ठेवला आणि सरळ विचारलं की दुसरी लेन्स देणार आहात की नाही, ते एकदाच सांगा. आप्पा शेगडीतले निखारे सारखे करत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"तुझा डावा डोळा मला पायजे, कस्तुरे. त्यो बी बाहेर गेला तर ह्या घरात बारीक बघणारं कोण ऱ्हातंय?"

मला भयंकर राग आला. एका बापानं पोरीला असं म्हणावं? म्हणजे इतके दिवस दिवाळी आणि संक्रांत नव्हतीच, माझा डोळा यांनी घरातल्या ऐरणीसारखा धरून ठेवला होता. दोन्ही डोळ्यांनी लांबचं दिसायला लागलं की ही दिवसभर बाहेरची होईल, आज मैदानावर, उद्या आणखी कुठं, हे त्यांना कळलं होतं, आणि मलाही तेच हवं होतं. मी आठ दिवस चिमट्याला हात लावला नाही. नाजूक साखळ्यांची एक ऑर्डर परातीत तशीच पडून राहिली. अव्वानं थोडं जोडून बघितलं, पण तिच्या कड्या व्यापाऱ्यानं परत पाठवल्या. घरात रेडिओ तेवढा बोलत होता.

नवव्या दिवशी, सामन्याच्या आदल्या दिवशी, आप्पांनी माझ्यापुढे रबरी बुचाची छोटी काचेची बाटली ठेवली. आत पाण्यात दुसरी लेन्स. अव्वानं भिशीतून पैसे काढून दिले होते, हे मला नंतर कळलं. पहिली लेन्सही अशाच बाटलीतून आली होती, ती रिकामी बाटली आप्पा बरोबर घेऊन गेले होते. आमच्याकडे गिऱ्हाईक एक पैंजण घेऊन येतं आणि ह्याच्या जोडीचं करून द्या म्हणतं, तसंच त्यांनी केलं. सदूभाऊ जेवायला घरी गेले होते, काउंटरवर त्यांची वहिनी होती. आप्पांनी तिच्यापुढे बाटली धरली आणि सांगितलं, ह्याच्या जोडीचं दुसरं द्या. तिनं बाटलीवरचा नंबर बघितला आणि हुबेहूब तसंच दिलं.

मी लेन्स घातली आणि लगेच कळलं की काहीतरी चुकलंय. उजवा डोळा झाकला तर पूर्वीपेक्षा बरं दिसत होतं, पण दारातल्या आप्पांचा चेहरा पाण्यातून बघावा तसा होता. ते म्हणाले, दिसतंय का? त्यांनी अंगात धुतलेला सदरा घातला होता. मी नाही म्हटलं तर ही लेन्स परत जाईल आणि दुसरी कधीच येणार नाही, अशी मला भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर, त्या सदऱ्याकडे बघून मला नाही म्हणवेना. मी म्हटलं, दिसतंय. दुसऱ्या दिवशी आप्पा आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर आले, दोरीच्या बाहेर उभे राहिले, आणि मी डावीकडून बाद झाले. आम्ही सामना थोडक्यात हरलो. परत येताना त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि म्हणाले की सवय व्हायला वेळ लागणारच.

पंधरा दिवसांनी तपासणी होती. आप्पा म्हणाले, मीही येतो, तुझा रिपोर्ट ऐकू आणि तिथून गुजरीत माल द्यायला जाऊ. परातीत अडकलेली ती ऑर्डर मी पुन्हा हातात घेऊन पुरी केली होती, लेन्स काढून, रोज संध्याकाळी. त्यातली एक जोड त्यांच्या खिशात कागदात गुंडाळलेली होती. सदूभाऊंनी माझा उजवा डोळा झाकला आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. मला वरचं एकच अक्षर आलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी नंबराची वही उघडली, लेन्स काढायला लावली, आणि म्हणाले की ही ह्या डोळ्याची नव्हेच, ही तुला कुणी दिली?

आप्पा पुढे आले. जोड म्हटल्यावर दोन्ही सारखीच असणार की, म्हणाले. सदूभाऊ वहिनीवर आधी ओरडले आणि मग आप्पांवर. त्यांनी कपाटातून एक भरलेली बाटली काढून आप्पांच्या हातात दिली. "हे बघा. परत्येक बाटलीवर नंबर छापलाय. नेताना वाचायचा न्हाय व्हय, पावणं?"

आप्पांनी बाटली जवळ धरली. मग हात लांब केला. मग दाराशी उजेडात गेले आणि हात आणखी लांब केला. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, दुसरी गेली. मी माझ्या एका चांगल्या डोळ्यानं त्यांच्याकडे बघत होते. ते परत आले आणि म्हणाले, अक्षर फार बारीक आहे.

"कडीपेक्षा बारीक हाय?" सदूभाऊंनी विचारलं.

आप्पांनी बाटली काउंटरवर ठेवली, आणि मला एकेक गोष्ट कळत गेली. मी जोडलेली साखळी ते कधी डोळ्याशी धरायचे नाहीत, अंगठ्याच्या पेरावरून फिरवायचे आणि मग खालच्या ओठावरून. मला ती त्यांची कारागिरी वाटायची. मी बाहेर गेले की काही ना काही कारणानं त्यांची फुंकणी थांबायची. झाळताना चुकून डाग पडलेल्या जागा अव्वा मुकाट्यानं घासून काढायची. मी हळूच विचारलं, कधीपासून? ते म्हणाले, दोनेक वर्षं झाली. हुपरी काय नि गुजरी काय, ज्या कारागिराच्या नाकावर जवळचा चष्मा आला त्याला व्यापारी नाजूक काम देत नाहीत, जाडजूड वाळे देतात. त्यामुळे त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं, अव्वालासुद्धा नाही. ते माझा डोळा मागत होते ते हट्टानं नाही. त्यांच्याकडे दुसरा नव्हताच. मला लाज वाटली, आणि इतके दिवस मला सांगितलं नाही म्हणून रागही आला.

सदूभाऊ मात्र गडबडले नाहीत. त्यांनी खणातून जवळच्या नंबराचा एक तयार चष्मा काढला, काही न विचारता आप्पांच्या नाकावर बसवला, दुसरा बसवला, तिसरा बसवला, आणि वाचायला छापील कार्ड पुढे केलं. आप्पांनी कार्ड घेतलं नाही. त्यांनी खिशातली पुडी सोडली, एक पैंजण काढला आणि काउंटरच्या काचेवर पसरला. मग मान खाली घालून बघायला लागले. कडी न् कडी बघत गेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत.

"हे समदं तू जोडलंस?"

मी व्हय म्हटलं.

"येवढं बारीक?" त्यांचं बोट एका कडीवर थांबलं होतं. "तोंड कुठं मिटलंय तेच गावंना. आन् मी आपला रोज चालंल, चालंल म्हणत आलोय."

सदूभाऊंनी उगाच वहीची पानं उलटली. आप्पांनी पैंजण पुन्हा कागदात गुंडाळला, चष्म्याचे आणि नव्या लेन्सचेही पैसे विचारले, आणि डोकं वर न करता म्हणाले, "हिच्या डाव्या डोळ्याची काच मागवा. हिच्याच नंबराची. किती दिस लागत्यात?"

पंधरा दिवस, असं उत्तर आलं. तोवर मी कड्या जोडायची सवय करतो, आप्पा म्हणाले, ही दांडी तेवढी जरा घट्ट करून द्या.

आम्ही रस्त्यावर आलो. जवळच्या चष्म्यातून लांबचं धूसर दिसतं, त्यामुळे आप्पांना महाद्वार रोड नीट दिसत नव्हता. मी म्हटलं, खिशात ठेवा, घरी गेल्यावर घाला. त्यांनी ऐकलं नाही. एका सायकलला धडकता धडकता वाचले, म्हणून मी त्यांचा दंड धरला आणि माझ्या एका डोळ्यानं दोघांची वाट काढत निघाले. गुजरीत व्यापाऱ्याची पेढी आली. आत चार माणसं बसलेली होती, सगळी धंद्यातली, सगळी ओळखीची. पायरीपाशी आप्पा क्षणभर थांबले, चष्मा नाकावर नीट बसवला, आणि माझा हात सोडवून आत गेले.